ज्याचं कुलूप, त्याच्या खिशात

ठेकेदार म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. लपवायचं काय त्यात? माझा मोठा भाऊ वायरमन होता. एका ठेकेदारानं फोनवर सांगितलं, लाईन बंद केली, चढ. भाऊ चढला. बंद झाली होती भलतीच लाईन. भाऊ वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि तो ठेकेदार दवाखान्यात तोंड दाखवायलासुद्धा आला नाही. भाऊ आता मारेगावच्या स्टँडजवळ पानठेला चालवतो, मजेत असतो. पण ठेकेदार हा शब्द निघाला की चुन्याची डबी आपटून ठेवतो.

म्हणून आमच्या वायरमन संघटनेनं वणीच्या एका ठेकेदारासोबत मिळून काम करायचं ठरवलं, तेव्हा भाऊ मला म्हणाला, "पाहून घेजो. टाइम आला का तो बी फोनच करंल."

बोलणं साधं झालं होतं. त्यानं बाहेरून स्वस्तातली माणसं आणायची नाहीत, आमचीच घ्यायची. आम्ही काम चोख आणि वेळेवर द्यायचं. वर एक अट आमच्या अध्यक्षकाकांची. काका आमच्यात सगळ्यांत जुने, त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. अट अशी, की कामाला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडून बंद करायचा आणि कामावरच्या प्रत्येकानं त्याला आपलं कुलूप लावायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम आटोपलं की ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, आणि फोनवरचा शब्द धरायचा नाही, मग फोन कोणाचाही असो.

ठेकेदार हसला. हा स्विच आहे की बँकेची तिजोरी, म्हणाला. पण मानलं त्यानं. आम्ही बायकांच्या नेलपॉलिशनं कुलपं रंगवली, म्हणजे कोणाचं कोणतं ते लांबूनच दिसावं. माझं निळं. दुसरा रंग मी लावणारच नव्हतो.

पहिलं मोठं काम मिळालं ते मारेगावजवळच्या कापसाच्या जिनिंगचं. खरं सांगतो, ते दिवस बरे गेले. ठेकेदार दुपारी आमच्यातच डबा सोडायचा, माझ्या डब्यातला ठेचा संपवायचा आणि वरून तिखट कमी आहे म्हणून मलाच नावं ठेवायचा. मी त्याच्यावर रागवायचं म्हणून रागवायचो. राग येत मात्र नव्हता, याचंच मला नवल वाटायचं.

हंगाम उघडायच्या दिवशी जिनिंगमध्ये वजनकाट्याची पूजा होते. पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि मुहूर्तावर मशीन सुरू करतात. जिनिंगवाल्या शेठनं आधीच सांगून ठेवलं होतं, मुहूर्त साधला तर दुसऱ्या शेडचं कामही तुमचंच. म्हणजे आम्हा सगळ्यांची पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची काळजी मिटणार होती.

त्या सकाळी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन लागली. काट्यावर हार चढला, गुरुजी बसले. आम्ही मेन स्विचपाशी गेलो, आपापली कुलपं काढली, आणि एक लाल कुलूप तसंच लटकत राहिलं.

ते आमच्यातल्या एका बाप व्हायच्या बेतात असलेल्या वायरमनचं. बायको बाळंतपणाला राजूरला माहेरी होती. आदल्या संध्याकाळी त्याला फोन आला तसा तो शिडीवरून उतरला तो थेट गाडीला किक मारूनच गेला. किल्ली शर्टाच्या खिशात. फोन लावला तर आधी म्हणतो, पोरगी झाली! मग त्याला कुलूप आठवलं. मी राजूरला हावो, लाईनीवर कोणीच नाही, तोडून टाका, म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्यांनी ऐकलं.

शेठ ओरडायला लागला. काकांनी कुलूप कापायला करवत उचलली. ज्यांची अट, तेच काका. आणि मी? मी बाजूला सरून त्यांना वाट दिली. तो राजूरला आहे हे उघडच होतं, काम हातचं जात होतं.

तेवढ्यात ठेकेदारानं काकांचं मनगट धरलं.

"काका, फोनवरचं धरायचं नाही, हे तुमीच सांगतलं मले. तो येईल, त्याच्या हातानं उघडंल. तोवर मशीन बंद."

काकांनी करवत खाली ठेवली. ठेकेदार शेठसमोर हात जोडून उभा राहिला. चूक आमची आहे म्हणाला, आणि खुर्ची ओढून मेन स्विचसमोरच बसला. शेठ त्याला काय काय नाही बोलला! त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

मुहूर्त गेला. गुरुजींनी पंचांग चाळून दुपारच्या आतला दुसरा काढून दिला. गाडीवाल्यांनी चहा मागवला. आमचा नवा बाप वणीच्या रेल्वे फाटकात कोळशाच्या ट्रकांमागे अडकला होता. तो पोचला तेव्हा भुवयांपर्यंत काळा, आणि हँडलला जिलेबीची पिशवी. खिशातली किल्ली काढून त्यानं आपल्या हातानं कुलूप उघडलं. मशीन घरघरली, पांढरीशुभ्र रुई पडायला लागली, आणि शेठनंही जिलेबी खाल्ली.

दुसऱ्या शेडचं काम मात्र त्यानं दुसऱ्याला दिलं. तोंडं उतरली आमची. पण ठेकेदारानं कोणाला एका शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या कामावर आला तेव्हा त्याच्याही हातात एक कुलूप होतं, गुलाबी. घरात तेवढीच नेलपॉलिश होती म्हणे. आम्ही पोट धरून हसलो आणि त्याला आमच्या कुलपांच्या रांगेत जागा करून दिली.

हे सगळं मी ठेल्यावर भावाला सांगितलं. तो ऐकत राहिला. चुन्याची डबी या वेळी आपटली नाही. उरलेल्या तीन बोटांनी त्यानं एक पान घेतलं, पुसलं, आणि चुना लावता लावता थांबला.

"थांब," म्हणाला. "आधी त्या ठेकेदाराले इचारून ये, चुना कमी लागते का जास्त."