उघडायचे राहिलेले डोळे

इथल्या अग्रहार पेठेतल्या रामोजीरावांचा फोन आला तेव्हा मी ध्रुवाच्या गोष्टीचा शेवट खोडत बसले होते. “अक्का गेली हो, बाई,” एवढंच ते म्हणाले आणि मग कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत राहिले... सगुणाक्का त्यांची थोरली बहीण. मुलांसाठी आम्ही दोघी मिळून पुराणकथांची पुस्तकं करायचो. शब्द माझे, चित्रं तिची. या परक्या गावात जिच्यावर हक्कानं रुसावं असं माझं तेवढंच एक माणूस होतं. महिना उलटला, तरी काही नवं लिहिलं की हात फोनकडे जातो.

मी नवऱ्याच्या नोकरीपायी नाशिकहून म्हैसूरला आलेली. तिचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत आलेले मराठे, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड. माझ्या शुद्ध मराठीची ती यथेच्छ टिंगल करायची. “तुझा हिरण्यकशिपू गे, बँकेतल्या साहेबासारखा बोलतो,” म्हणाली की मला राग यायचा, आणि घरी येऊन मी ते पान मुकाट्यानं बदलायची. देवादिकांची चित्रं ती वडिलांकडून शिकली होती, आणि त्यांच्या घरचा एक रिवाज तिनं कधी मोडला नाही. पुस्तकातली सगळी चित्रं रंगवून व्हायची, पण डोळे कोरे. मग एका सकाळी अंघोळ करून, काही न खाता, ती एका बैठकीत सगळ्यांची बुबुळं काढायची. याला ती ‘डोळे उघडणं’ म्हणायची. प्रकाशक माझ्या मानगुटीवर बसलेला, म्हणून मी घाई करायची. “सुम्ने बस गे, गप,” ती दटावायची. “डोळे उघडले की ते बघाय लागतात. अर्ध्या पुस्तकात मग त्यांना काय दिसणार, मत्ते?” सुरुवात मात्र नेहमी दुष्टांपासून. त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही, असं तिचं म्हणणं.

ध्रुवाचं पुस्तक तसंच राहिलं. प्रकाशकाच्या ऑफिसातून सुचवण्यात आलं की डोळे कॉम्प्युटरवर बसवता येतील, चुटकीसरशी. मी फोनवर नको तितकी चिडले. पण कोऱ्या डोळ्यांची चित्रं छापायची कशी? आणि नाही छापावीत तर तिचं शेवटचं काम कपाटात पडून राहणार... काही सुचेना. शेवटी रामोजीरावच म्हणाले, “तुम्हीच उघडा, बाई. चित्र तिचं, गोष्ट तुमची. परक्या काय तुम्ही?”

गेल्या रविवारी उपाशीपोटी तिच्या खोलीत बसले. पहिली सुरुची, लहानग्या ध्रुवाला बापाच्या मांडीवरून हुसकावणारी सावत्र आई. डावं बुबुळ जरा वाकडं झालं. रामोजीरावांनी वाकून पाहिलं. “अक्का ओरडली असती,” म्हणाले. मग हळूच, “असू दे.” ते आत गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. मी एकेक चित्र पुढे ओढत गेले, राजा, सुनीती, नारद. रडू येत होतं, पण रंगावर पाणी पडून चालणार नव्हतं. सगळ्यांत खाली ध्रुवाच्या तपाचं चित्र होतं. ब्रश बुडवला आणि थांबले. मिटलेल्या डोळ्यांना बुबुळं लागत नाहीत... पापण्यांच्या त्या दोन बारीक रेघा अक्कानं केव्हाच ओढून ठेवल्या होत्या. तेवढं एक चित्र ती पुरं करून गेली होती. तिथं मला करण्यासारखं काहीच नव्हतं.