खोबरूची संकष्टी

ससा पाळलेल्या घरात किस्से लेंड्यांसारखे जमतात. सकाळी कोपरा झाडून घ्यावा, दुपारी पुन्हा तेवढेच! आमच्याकडे खोबरू जेमतेम चार महिने होता, तरी मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "सांग ना गं तुझ्या सशाचं." मी सांगते, त्या हसतात. शेवटचे दोन-तीन किस्से मी सहसा गाळते. आज गाळत नाही.

लग्न होऊन मी गिरगावातून भोईवाड्यातल्या चाळीत आले आणि दोन महिन्यांनी संदेश, म्हणजे माझा नवरा, बुटाच्या खोक्यातून सशाचं पिल्लू घेऊन आला. "तू दिवसभर लॅपटॉपसमोर, कोणाशी बोलत नाहीस. सोबत होईल." न बोलणारीला न बोलणाऱ्याची सोबत! सासूबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. मी त्यांना आईच म्हणते. "काय गो, खोबऱ्यासारखो पांढरो!" झालं, बारसं उरकलं.

*

पहिल्याच आठवड्यात खोबरू चालता चालता धाडकन आडवा पडला. पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले, हालचाल नाही. मी त्या घरात पहिल्यांदाच ओरडले. संदेशला फोन लावला, पण "गेला रे!" एवढंच बोलता आलं.

तो मीटिंग टाकून टॅक्सीने घरी आला, तेव्हा खोबरू आईंच्या चपलेचा पट्टा कुरतडत बसला होता. मग कळलं की ससे खुशीत आले की असेच कोसळतात.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी संदेशला हळूच विचारलं, "घरातलं कोण गेलं?"

"कोणी नाही सर. आनंद झाला होता!"

*

मग एका सकाळी कोपऱ्यातल्या पेपरवर लालभडक ओल. "रक्त!" मीच म्हणाले. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, दाढी अर्धी टाकून खोबरूला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही शीवच्या डॉक्टरबाईंकडे धावलो.

बाईंनी त्याला उलटापालटा केला. "याला बीट कोण देतं?"

आम्ही सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांना रक्त कमी म्हणून आई रोज बीटची कोशिंबीर करायच्या. ती अण्णांना आवडत नव्हती. तीन दिवस त्यांचा वाटा टेबलाखाली जात होता!

घरी येईपर्यंत आईंनी दम धरला. दारात म्हणाल्या, "सशाचं रक्त नव्हतं ते कळलं. आता तुमच्यात आहे का ते बघूया."

अण्णांची अशी चंपी झाली, पण हिशेब माझ्या नावावर राहिला. दोनदा ओरडले, दोनदा काहीच नव्हतं. पुढे मी काही बोलले की संदेश हसून म्हणायचा, "आनंद आहे की बीट?"

*

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "रोज लेंड्या बघायच्या. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या असल्या की ठीक. बारीक झाल्या, कमी झाल्या की वाट बघायची नाही. ससा दुखणं लपवतो. दुखतंय हे कळलं तर आपल्याला कोणीतरी खाईल, अशी त्याला भीती असते. त्यामुळे ओळखायचं तुम्ही."

लपवणं मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी नवी सून होते.

मी रोज सकाळी त्याच्या कोपऱ्यात उकिडवी बसायला लागले. शेजारच्या काकूंनी एकदा गॅलरीतून विचारलं, "सून काय करते हो तिथे?"

आई म्हणाल्या, "हरभरे निवडते!"

*

मांडीवर घेऊन कानामागे चोळलं की खोबरू दात अगदी हलके कुटकुटवायचा. अण्णा म्हणायचे, "जप चाललाय त्याचा." मला त्या आवाजाची सवय झाली होती. म्हणूनच एका सकाळी आवाज वेगळा आहे हे मला ऐकताक्षणी कळलं. कोणी हात लावलेला नसताना तो अंग आखडून बसला होता आणि दात करकरा वाजत होते. लेंड्या आदल्या रात्रीच्याच, मिरीएवढ्या. मेथी पुढे ठेवली, तोंड फिरवलं.

"आई, खोबरू खात नाहीये."

"आज संकष्टी गो! घरात कोणीच खात नाही. त्याला कळतं बघ!"

आई इतक्या खूश झाल्या की मला पुढचं वाक्य सापडेना. काकू दूर्वा घेऊन आल्या. त्याने दूर्वांनाही तोंड लावलं नाही. "दूर्वासुद्धा नाही! केवढा कडक उपास!" काकूंनी हात जोडले. संदेशने ऑफिसातून मेसेज केला, "व्हिडिओ पाठव." मी पाठवला.

मला माहीत होतं. बाईंचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला होता. पण तिसऱ्यांदाही काही नसलं तर? मी दुपारभर ते नाव बघत राहिले आणि ऑफिसचं काम केलं.

चंद्र दिसला. आईंनी नैवेद्य दाखवला आणि आधी खोबरूपुढे काकडीची चकती धरली. "सोड रे बाबा उपास." त्याने नुसते डोळे मिटले. आईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी आपलं ताट झाकून ठेवलं.

"त्याने खाल्ल्याशिवाय मी नाही खायची."

*

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर बसलो होतो. बाईंनी पोटावर हात ठेवून विचारलं, "कधीपासून खात नाही?"

"कालपासून," मी म्हणाले.

"मग काल का नाही आणलं?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागले. आईच बोलल्या, "मी म्हटलं, संकष्टी करतो."

बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "आजी, सशाचं आतडं सतत चालू लागतं. ते थांबलं की..." म्हणत त्यांनी सुई भरली. खोबरू टेबलावर हळूच आडवा झाला, पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी ओरडले नाही.

संदेशने विचारलं, "झोपला ना?"

*

चाळीमागच्या कडुनिंबाखाली अण्णांनी खड्डा खणला. परत आलो तर काकू दारात उभ्या. "पुण्यवान जीव हो! संकष्टी पूर्ण करून गेला."

आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. आईंनी लावलं.

*

पुढच्या महिन्यातली संकष्टी. सकाळी आईंनी माझा चहा टेबलावर ठेवला. मी मेल बघत होते. चहावर साय धरली.

"चहा का नाही घेतलास?"

"उपास आहे ना, आई."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. पदराला हात पुसला, माझ्या कपाळाला लावून पाहिला, मग मानेला. खालची पापणी ओढून डोळा बघितला.

"उपासाला चहा चालतो," त्या म्हणाल्या आणि आत वळून ओरडल्या, "अहो! टॅक्सी बघा!"

अण्णा तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आले. "काय झालं? कोणाला काय झालं?"

"अजून काही नाही झालं!" आईंनी पायात चपला सरकवल्या. "म्हणूनच चला!"