कुत्र्याशिवाय प्रवेश नाही

सकाळी कुत्र्याला फिरवून आणलं की त्याच्या अंगावरची कुसळं काढत बसावं लागतं. कुठल्या गवतात चिकटली ते कळत नाही, पण रोज असतातच. किश्श्यांचंही तसंच आहे. आपण आपले पट्टा धरून चालत असतो आणि घरी येऊन चहा घेताना बायकोला सांगायला काहीतरी चिकटून आलेलं असतं. बायको म्हणते, "तुम्ही कुत्र्याला फिरवता की बातम्या गोळा करता?" आता दोन्ही जमत असेल तर एकच का करा!

आमची वसाहत भिवंडीहून पडघ्याच्या अंगाला, हायवे सोडून जरा आत. पूर्वी इथे भातशेती होती. आता मधोमध गोल्फ कोर्स आहे आणि कडेकडेने आम्ही. मी भिवंडीतल्या एका शाळेत क्लार्क होतो, जन्म लूमच्या खडखडाटात गेला. रिटायर झाल्यावर मुलाने इथे आणलं, सोबतीला कोको नावाचा लॅब्रेडॉर दिला आणि स्वतः नोकरीसाठी बंगळुरू गाठलं. कोको राहिला.

इथे जॉगिंग ट्रॅकवर कुत्री नकोत म्हणून पळणाऱ्यांनी तक्रार केली. आम्ही कुत्रेवाल्यांनी उलट तक्रार केली. शेवटी ऑफिसने तोडगा काढला. गोल्फच्या गाड्या फिरतात तो आतला रस्ता सकाळी खेळ सुरू होण्याआधी तासभर आम्हाला द्यायचा. मात्र बाकी कोणी आत यायचं नाही, उगाच गर्दी नको. गेटवर बोर्ड लागला, 'कुत्र्याशिवाय प्रवेश नाही.' माझा शाळेतला एक जुना मित्र भेटायला आला होता. बोर्ड वाचून म्हणाला, "आयुष्यभर उलटाच बोर्ड बघितला रे!"

या गेटवर यादवजी बसतात. जौनपूरकडचे, ड्युटीला एकदम कडक. त्यांच्या खुर्चीखाली एक काळा बेवारशी कुत्रा झोपलेला असतो, काल्या. सुपरवायझर राउंडला आला की विचारतो, "ये किसका है?" यादवजी उभे राहून सांगतात, "हमारा नहीं है साब!" तोवर काल्या त्यांच्या डब्यातली चपाती खाऊन ओठ चाटत असतो.

* * *

आमच्यात माणसांना नावं नाहीत, कुत्र्यांना आहेत. मी 'कोकोचे आजोबा'. रोहन नावाचा तिशीतला मुलगा राहनाळच्या गोडाऊनमध्ये मॅनेजर आहे, त्याच्याकडे हस्की. भिवंडीच्या उन्हात हस्की! घरी एसी तिच्यासाठी लावतो आणि हा बाहेर बाल्कनीत बसतो. तो 'स्नोईचा पप्पा'. आणि सबनीसबाई म्हणजे 'चिकूची आई'. बाई बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात, आणि चिकू हा त्यांचा पग.

मध्ये मला ताप आला आणि दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. सबनीसबाई भेटायला आल्या. काउंटरवर विचारलं, "पेशंटचं नाव?" रोज सकाळी तासभर बोलतो आम्ही, पण नाव कोणाला ठाऊक? बाई म्हणाल्या, "कोकोचे आजोबा." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कोको नावाचा पेशंट नाही." मग बाईंनी मोबाईलमधला फोटो काढून दाखवला. फोटोत पूर्ण कोको, आणि माझे फक्त बर्म्युड्यातले दोन गुडघे.

"हे गुडघे ज्यांचे आहेत ना, ते!" बाई म्हणाल्या. आणि बरोबर माझ्या कॉटपर्यंत आल्या.

* * *

सबनीसबाई म्हणजे आमचं चालतंबोलतं नियमपुस्तक. पट्टा सोडायचा नाही. कोणी बॉल मारायला उभा राहिला तर कुत्र्याला थांबवायचं. आणि घाण आपली आपण उचलायची, त्यासाठी पिशवी हवी. नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी बाई म्हणतात, "गुड मॉर्निंग. पिशवी?"

एकदा कोणाचे तरी पाहुणे लवकर खेळायला आले होते. पांढरी टोपी, पांढरे बूट, तोंडात तोबरा. आणि बाईंच्या समोर, हिरव्यागार गवतावर, पचकन थुंकले. बाई शांतपणे त्यांच्याजवळ गेल्या आणि पिशवी पुढे केली.

"ही काय?" ते म्हणाले.

"आमची मुकी जनावरं आहेत. त्यांचं आम्ही उचलतो. तुम्हाला बोलता येतं, तुमचं तुम्ही उचला."

आणि त्यांनी उचललं हो! पांढऱ्या टोपीसकट खाली वाकून.

* * *

दामूशेठ आमच्यात आले ते उशिरा. इथलेच आगरी शेतकरी. गोल्फ कोर्सच्या सातव्या भोकाच्या आजूबाजूची सगळी शेती त्यांची होती. जमीन गेली त्या व्यवहारात त्यांना इथे फ्लॅट मिळाला. बायको त्याआधीच वारलेली, मुलगा-सून पडघ्यात दुकान बघतात. शेठ पहिल्यांदा फिरायला आले तेव्हा सातव्या भोकापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एवरी जागा घेतली, आनि भोक एवरंसंच?"



त्यांचा कुत्रा बंड्या. तपकिरी, एक कान दुमडलेला, वयाने आमच्यासारखाच. नावनोंदणीला सुपरवायझरने विचारलं, "ब्रीड?" शेठ म्हणाले, "पडघा." त्याने तसंच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. 'वेलकम बंड्या, ब्रीड पडघा.' सी विंगमधल्या एका बाईंनी लगेच विचारलं, हे तिबेटियन असतात का? पिल्लू कुठे मिळेल?

सकाळी शेठनी स्वतः उत्तर दिलं. "नाक्याव. वरापावच्या गारीमागं. पन पिल्लू न्हाय मिलनार, मोठाच घ्यावा लागंल!"

* * *

सातव्या भोकाजवळ एक रायवळ आंबा आहे. शेतं गेली, बांध गेले, विहिरीचं तळं झालं, पण झाड जाहिरातीत चांगलं दिसतं म्हणून ठेवलं. एकदा कोको त्या झाडाशी गेला आणि त्याने मागचा पाय वर केला. तेवढ्यात दामूशेठ असे ओरडले की कोकोचा पाय हवेतच राहिला.

"त्या झाराला न्हाय! त्या झाराला न्हाय हां!"

सबनीसबाई पुढे आल्या. "शेठ, नियमात झाडाला बंदी नाही. बाकाला आहे."

शेठ आंब्याच्या खोडावर हात ठेवून म्हणाले, "जनीनं लावलाय. माझे बायकोनं. लगीन झालं त्याच साली. इथंच न्याहारी घेऊन यायची."

पुढचं शेठ आपणहूनच बोलले. "मना कनाला पायजे कुत्रा? जनम गेला, घरात कुत्रा न्हाय घेतला. पन गेटवर बोर्ड. कुत्र्याबिगर आत सोरत न्हाईत. म्हनून यो आनला." बंड्या त्यांच्या पायाशी बसून त्यांच्याकडे बघत होता. "आता यो बी माझा झालाय, ती गोष्ट येगली."

स्वतःच्या शेतात जायला माणसाला कुत्रा पाळावा लागला! मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही. आम्ही सगळे त्याच गवतावर हुंदडतो, कोणाची भाकरी तिथे पिकत होती हे एकदाही मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपवर सबनीसबाईंचा मेसेज आला. 'सातव्या भोकाजवळच्या आंब्यापाशी पट्टा आखूड धरावा.' कारण दिलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

* * *

थंडी सरता सरता बंड्या गेला. म्हातारपणच, दुसरं काही नाही. माणूस गेला की काय बोलायचं ते आपल्याला शिकवलेलं असतं. कुत्रा गेल्यावर काय बोलावं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं शेठच्या घरी जाऊन नुसते बसलो. रोहनने न राहवून विचारलं, "अंकल, दुसरा आणू या का?"

"नको रे बाबा," शेठ म्हणाले. "पुन्ना खड्डा खनून पुरावाला ताकद न्हाय माझेत."

आठवडाभराने शेठ सकाळी गेटवर आले. सवयीने पट्टा धरायचा हात तसाच वळलेला. यादवजी खुर्चीतून उठले, बोर्डाकडे बघितलं, शेठकडे बघितलं. "सेठ, बिना डॉग का…"

शेठ भांडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "बरोबर हाय. बोर्ड हाय ना." आणि परत फिरले. कुंपणाच्या जाळीपाशी उभे राहून आंब्याचा शेंडा दिसतो का बघत होते. तिथून दिसत नाही.

सबनीसबाई ऑफिसात गेल्या. तिथे त्यांना सांगितलं, "एकाला सूट दिली की सगळे मागतील." नेमकं हेच वाक्य बाईंनी आयुष्यभर बँकेत लोकांना ऐकवलेलं. परत आल्या तेव्हा चेहरा पडला होता. म्हणाल्या, "नियम तर बरोबरच आहे हो. तीच तर पंचाईत!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सबनीसबाई गेटवर यादवजींच्या खुर्चीत बसलेल्या. शेठ जाळीपाशी उभे होते, त्यांना हाक मारली. "दामूशेठ, माझा गुडघा धरलाय. चिकूला जरा फिरवून आणाल?"

चिकूचा पट्टा बाईंनी आजवर सख्ख्या भाचीच्या हातात दिला नव्हता! शेठनी पट्टा घेतला. यादवजींनी बोर्ड वाचला, चिकू बघितला, आणि बाजूला झाले.

रोहन बिचारा सरळ. काळजीने म्हणाला, "आंटी, अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. गुडघ्याला फार छान."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "उद्या तुझा दुखणार आहे."

शेठ परतले. बाईंनी पट्टा घेतला, चिकूला वरून खालपर्यंत तपासलं आणि विचारलं, "पिशवी?" शेठनी सदऱ्याच्या खिशातून गाठ मारलेली पिशवी काढून दाखवली. बाईंनी मान डोलावली.

मग रोहनचा गुडघा धरला. तिशीतला मुलगा, जिना धावत उतरणारा! स्नोई शेठना ओढत घेऊन गेली. मग माझा. माझा खरंच दुखतो, पण त्यावर कोण विश्वास ठेवणार? वार लागून गेले. पावसाळाभर कोणी ना कोणी खुर्चीत बसलेलं असायचं आणि यादवजी बिचारे उभे. एकदा मी म्हटलं, "यादवजी, तकलीफ होती है आपको." ते म्हणाले, "साब, घुटने का कोई नियम थोड़े ही है."

* * *

दिवाळी आली. दिवाळीत कुत्री घराबाहेर पडत नाहीत, हे कुत्रेवाल्यांना सांगायला नको. पहाटेपासून फटाके. कोको पलंगाखाली, स्नोई बाथरूममध्ये. सबनीसबाई चिकूच्या कानात कापूस घालून दार लावून बसल्या होत्या.

पाडव्याला सकाळी बायकोने मला ओवाळलं. ताम्हनातल्या दिव्याकडे बघताना एकदम आठवलं, आज पाडवा. आज दामूशेठ जाणार कसे? इतर दिवशी एक वेळ चालेल, पण आज?

कोकोला बिस्किट दाखवलं, पट्टा दाखवला, शेवटी ओढलं. चार पाय फरशीला रोवून बसला. रोहनला फोन केला, तो म्हणाला, "अंकल, ती दारच उघडू देत नाहीये!" बाईंकडे तीच गत. बाई म्हणाल्या, "तुम्ही जा तरी. नुसते त्यांच्याजवळ उभे राहा."

मी तसाच, कपाळावरच्या कुंकवासकट, झपाझप गेटवर गेलो. जाळीपाशी कोणी नव्हतं. खुर्चीत यादवजी बसले होते. ड्युटीवर त्यांना असं पाय पसरून बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. खुर्चीखाली काल्या नव्हता.

मी आत नजर टाकली. लांब, सातव्या भोकाच्या वळणावर, दामूशेठ चालले होते. नवा सदरा, एका हातात झेंडूची माळ. दुसऱ्या हातात नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या टोकाला ट्रकच्या हॉर्नात वाढलेला, फटाक्यांना ढिम्म दाद न देणारा काल्या. आंबा जवळ आला तशी शेठनी दोरी आखूड धरली.

मी यादवजींकडे वळलो. "यादवजी, ये…?"

त्यांनी उजव्या गुडघ्यावरून सावकाश हात फिरवला.

"कुत्ता हमारा है साब. और घुटना भी!"