ढाबळीआडचा कॉम्प्रेसर

तैवानमधल्या तैनान शहरात मासळी बाजारामागं थू वेन-श्योंगचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर आणि गच्चीवर शर्यतीची कबुतरं. गिऱ्हाइकं त्याला थू उस्ताद म्हणत. बायको युएये त्याला ‘आ-श्योंग’ म्हणे, आणि रागावली की नुसतं ‘ए’.

उस्ताद तसा हसतमुख गडी. पण एसीच्या बाहेरच्या युनिटपुढं कुणी कुंड्या रचलेल्या दिसल्या की त्याचं डोकं फिरे. “मावशी, तोंडावर उशी दाबून तुम्हाला पळायला लावलं तर पळाल?” असं तो भल्याभल्या बायकांना विचारी. बायका चिडत, कुंड्या हलवत, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्यालाच बोलावत.

दुकानातला फोन युएये घेई. इतकी वर्षं तक्रारी ऐकून निम्मे बिघाड ती जागेवर बसूनच निकालात काढी.

त्या जुलैत घरचाच एसी रुसला. सकाळी गारेगार, पण ऊन चढलं की कॉम्प्रेसर जोर करी, घुमे आणि गप्प होई. आतला दिवा लुकलुकत राही, वारा कोमट येई. जरा वेळानं पुन्हा चालू, पुन्हा बंद.

थू गच्चीवर गेला आणि बघताक्षणीच त्याला उमगलं. वसंतात त्यानं हौसेनं कबुतरांसाठी नवी ढाबळ बांधली होती, ती नेमकी युनिटच्या पंख्यासमोर. पंख्यानं फेकलेली गरम हवा ढाबळीच्या पाठीवर आपटून पुन्हा युनिटच्याच पोटात शिरत होती. मागच्या जाळीत पिसं अडकलेली, ती निराळीच. कॉम्प्रेसर बिचारा तापून जीव वाचवायला थांबत होता.

पंचाईत अशी, की ढाबळ बांधताना युएये म्हणाली होती, “पलीकडच्या कोपऱ्यात बांध.” त्यावर थूनं कबुतरांना लागणाऱ्या सकाळच्या कोवळ्या उन्हावर लांबलचक भाषण दिलं होतं.

तो खाली आला तो मयताला जाऊन आल्यासारखं तोंड करून.

“कॉम्प्रेसर गेला.”

“गेला? सकाळी तर चालतो की.”

“आजारी माणसालाही सकाळी जरा हुशारी वाटते.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी दाखव,” युएये म्हणाली. “घरच्या माणसाला डॉक्टर औषध देत नाहीत.”

दुसरा म्हणजे लाई उस्ताद. धंद्यातला स्पर्धक, कबुतरांतला जिवलग. तो गच्चीवर पोचला आणि ओरडलाच, “अरे गाढवा, ही ढाबळ...”

“हळू! ती ढाबळ हलवली तर कबुतरांची घरवापसी बोंबलेल. शर्यत तोंडावर आलीय.”

लाईनं कबुतरांकडं पाहिलं. दोस्ती आड आली. खाली येऊन चहाच्या पेल्यात बघत तो म्हणाला, “वहिनी, कॉम्प्रेसर जरा... संशयास्पदच आहे.” आणि चहा अर्धा टाकून तो सटकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी थू मीटर घेऊन गच्चीवर तपासणीचं सोंग करत होता. मोबाइल वाजला. खालून, दुकानातून.

“थू उस्ताद का? माझा एसी बंद पडतोय हो.” युएयेचा आवाज गिऱ्हाइकासारखा गोडमिट्ट.

“ए, काय चाललंय तुझं?”

“चिडू नका उस्ताद, बाईमाणूस आहे मी. कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधलं माप सारखं येतंय का हो?”

“येतंय,” थू म्हणाला.

“म्हणजे आतली तार शाबूत. वीज बाहेरच्या पत्र्यात उतरतेय?”

“नाही.”

“बरं. पंखा फिरतोय?”

“फिरतोय.”

“आणि उस्ताद, पंख्यासमोर काय आहे?”

वर कबुतरं घुमत होती. फोनमधून तेही ऐकू जात असणार.

“सांगा ना. कुंड्या आहेत? की मावशीच्या तोंडावर उशी?”

थूला आधी घाम फुटला, मग हसू. ते इतकं वाढलं की तो ढाबळीला टेकून खालीच बसला. खालून तिचंही हसू येत होतं, फोनमधून आणि जिन्यातून, दोन्हीकडून.

“लाईला बोलाव,” ती म्हणाली. “खोटं बोललाय, आता ओझं उचलू दे.”

संध्याकाळी दोघा उस्तादांनी ढाबळ फरफटत पलीकडं नेली. युएये बर्फाचा चहा पीत हुकूम सोडत होती, “डावीकडं! तुझं डावं नाही, माझं डावं!” मग थूनं जाळीतली पिसं झाडली, जाळी पाण्यानं धुतली. कॉम्प्रेसर हलक्या आवाजात घुमू लागला आणि दुसऱ्या दिवशी ऐन दुपारीही थांबला नाही.

शर्यतीचं मात्र हसं झालं. थूची कबुतरं वेळेत परतली, पण जुनी जागा शोधत शेजारच्या टाकीवर बसून राहिली; आणि ढाबळीत शिरल्याशिवाय कबुतर पोचलं असं धरत नाहीत. उस्ताद दाणे दाखवून घसा बसेस्तोवर हाका मारत होता, तोवर लाईचं कबुतर पहिलं आलंसुद्धा.

थू खाली आला. युएयेनं पेरूच्या फोडी पुढं सरकवल्या आणि एसी आणखी एका अंशानं गार केला.