जीपसाठी इंजिन पाहणे आहे

लोक मे महिन्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जातात. आम्ही नाशिकहून ओझरला निघालो, तेही एक इंजिन पाहायला. डब्यात दशम्या होत्या आणि आमच्या ह्यांच्या खिशात टॉर्च होता, इंजिनाच्या पोटात डोकावता यावं म्हणून.

आधी थोडं मागचं सांगते. आमचे हे दातांचे डॉक्टर. दिवसभर माणसांच्या तोंडात पाहायचं आणि संध्याकाळी जीपच्या, हा त्यांचा नेम. जीप लष्करी लिलावातली. तिला उंच केलं, रुंद टायर घातले, वरचं छप्पर काढलं. नाशकात अशा जीपवाल्यांचा एक क्लब आहे. कमरेला नवे मोबाइल लावलेले बागायतदार, बिल्डर आणि डॉक्टर पावसाळ्यात एकदा हरसूलकडच्या एका निसरड्या चढावर आपापली जीप चढवतात. जी चढते तिच्या मालकाला शाल आणि नारळ. गेल्या वर्षी आमची जीप अर्ध्यात रुतली आणि बैलजोडी लावून काढावी लागली. लोकांनी बैलांसाठी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या वर्षी चढली नाही, तर जीप नामपूरला मेव्हण्याला देऊन टाकीन. वाहू दे कांदे!"

मेव्हणा म्हणजे माझा भाऊ, प्रकाश. मला हा बेत फारच पसंत पडला. जीप गेली की रविवार परत मिळणार होते, अंगणातला ऑइलचा वास जाणार होता आणि मोगऱ्याच्या कुंड्यांना जागा होणार होती. मी मनातल्या मनात तिची पाठवणीही करून टाकली होती.

हे मात्र इरेला पेटले. त्यांच्या मते चूक चालवणाऱ्याची नव्हती, टायरची नव्हती, चिखलाची तर नव्हतीच. इंजिनात जोर कमी होता, बस्स. म्हणून हा सगळा प्रवास.

ओझरला आमचे जोशीकाका राहतात. जन्म विमानांच्या कारखान्यात गेला, आता निवृत्त. आम्ही पोचताच काकूंनी पोहे आणले आणि काकांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. पलंगाखाली एक पेट्रोल इंजिन होतं, वर काकूंनी विणलेला रुमाल पांघरलेला. काकांनी तो हलकेच बाजूला केला. ह्यांनी टॉर्च मारला, मान तिरकी केली, हळूच बोट फिरवून पाहिलं. मला माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण झाली; तेव्हा एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

"वजन हा शत्रू, डॉक्टर," काका म्हणाले. "हे हलकं आहे. जीप जमिनीवर टेकणारच नाही."

"पण काका, तिला जमिनीवरूनच जायचंय ना?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. घरी परतताना ह्यांनी निकाल दिला, "चांगलं आहे, पण नाजूक आहे." स्थळ नापसंत झालं.

पुढच्या रविवारी नामपूर, माझं माहेर. सटाणा सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी सुरू झाल्या आणि मला उगाचच बरं वाटायला लागलं. वहिनीने मांडे (खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या) केले होते, सोबत आमरस. ह्यांनी दोनच खाल्ले. लक्ष सगळं मागच्या शेडमध्ये. तिथे प्रकाशने भंगारातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन लाकडी चौकटीवर उभं केलं होतं. कांद्याचा व्यापारी माणूस, जगातली प्रत्येक वस्तू किती क्विंटल ओढते एवढंच पाहतो.

"दाजी, हाई इंजिन एक नंबर शे," तो म्हणाला. "कांदानी भरेल ट्रॉली वढस." (कांद्याने भरलेली ट्रॉली ओढतं.)

त्याने ते सुरू केलं. काळा धूर निघाला, खिडक्या थरथरल्या, चहाचे कप बशीत नाचले, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. ह्यांचे डोळे पाणावले. धुराने असतील असं मी समजत होते, पण ते म्हणाले, "काय आवाज आहे!"

मी भावाला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, जीप हरली तर तुलाच मिळणार. आणि इंजिनही तूच देतोस?"

"ताई," तो गंभीरपणे म्हणाला, "आपला माल आपल्याच घरात ऱ्हायला पाहिजे."

इंजिन नाशकात आलं. गॅरेजवाल्या अन्सारचाचांनी ते जीपमध्ये बसवायला घेतलं. पण ते इतकं थोराड होतं, की त्याचं पोट पुढच्या चाकांना जोर नेणाऱ्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, टेकायला लागलं. चाचांनी तो दांडा काढून कोपऱ्यात उभा केला.

"डॉक्टरसाब, इतना पावर आहे. पुढच्या चाकांचं काय काम? मागची दोन बास."

"बरोबर," हे म्हणाले.

चिखलात चार चाकांनी चढायला घेतलेली जीप अशा रीतीने दोन चाकांची झाली. मी हे ऐकलं, समजले आणि गप्प राहिले. मला कुंड्या दिसत होत्या.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही हरसूलला पोचलो. आठवडे बाजार भरला होता. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी खाऊन सगळे चढाच्या पायथ्याशी जमले. धुकं इतकं, की दहा पावलांवरचं माणूस दिसेना. चिठ्ठ्या टाकल्या, आमचा नंबर शेवटचा आला. बाकीच्या जीपा वर गेल्या, परीक्षकही वर. खाली आम्ही दोघंच उरलो.

पहिलं वळण जीपने ऐटीत घेतलं. दुसऱ्यावर थांबली. हे इंजिनाला जोर देत होते, मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि आम्ही तांबड्या चिखलाने न्हाऊन निघत होतो.

"पावर बघ, किती आहे!" हे म्हणाले. पण आवाज पडला होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्यावर चिखल, हात स्टिअरिंगवर घट्ट, खालचा ओठ दाताखाली. मला वाटलं होतं, या क्षणी मला आनंद होईल. तो झाला नाही. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जीप मागे दबली. वळून पाहते तो बाजाराहून वरच्या पाड्याला निघालेल्या बाया टोपल्या, पिशव्या आणि एका कोंबडीसकट आत शिरत होत्या. या भागात ज्या जीपचं तोंड पाड्याकडे, ती पाड्यालाच जाणार. विचारायची रीतच नाही. मागे जागा संपली तेव्हा दोघी पायरीवर उभ्या राहिल्या.

"चाल रे भाऊ, भरली गाडी," एक म्हातारी म्हणाली. "आता कोनाची वाट पाहतोस?"

ह्यांनी गिअर टाकला. मागच्या चाकांवर एवढी माणसं बसल्यावर चाकांची जमिनीवरची पकड सुटेना. जीपने एक आचका दिला आणि ती चढायला लागली.

"मावशी, नीट धरून बसा!" हे ओरडले. मागे हशा पिकला. कोंबडी माझ्या खांद्यावर आली.

माथ्याच्या अलीकडे थोडी सपाटी लागते. तिथून पाड्याची वाट फुटते. बायांनी पत्र्यावर थापा मारून जीप थांबवली आणि भराभर उतरल्या. म्हातारीने माझ्या मांडीवर दोन काकड्या ठेवल्या. "तुला ठेव," म्हणाली आणि धुक्यात गेली. पुढचा तुकडा मुरमाचा होता. रिकामी जीप तेवढा सहज चढली.

वर एकच जल्लोष झाला. नियम असा, की जीपमध्ये चालवणारा आणि सोबतचा एक, एवढेच पाहिजेत. आम्ही दोघंच होतो. परीक्षकांनी, म्हणजे एका बिल्डरसाहेबांनी, शाल उलगडली आणि मला विचारलं, "वहिनी, तुम्ही शेजारी होतात. खरं सांगा, कशी चढली?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर जीप नामपूरला, कुंड्या अंगणात.

"इंजिन चांगलं आहे," मी म्हटलं.

"आणि या काकड्या?"

"घरच्या."

नाशिकच्या वाटेवर ह्यांनी खांद्यावरची शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "का नाही सांगितलंस?"

"सगळा रस्ता तुम्ही इंजिनाबद्दल बोलत होतात. त्या मावशींशी बोललात तेव्हा मला तुम्ही आवडलात," मी म्हटलं. ते लाजले आणि गिअर चुकला.

त्या आठवड्यात क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकाने प्रकाशचा पत्ता मागून नेला. माझा भाऊ आता भंगारातली इंजिनं शोधत गावोगाव हिंडतो आणि अन्सारचाचांच्या कोपऱ्यात काढलेल्या शाफ्टची रास झाली आहे. हे त्या सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने सल्ला देतात.

प्रवासाने माणूस शहाणा होतो असं म्हणतात. ह्यांच्याबद्दल मला खात्री नाही. मी मात्र झाले. ते एक वाक्य मी हरसूलच्या माथ्यावर बोलले नाही, ते तसंच शिल्लक आहे, ह्यांना ते ठाऊक आहे, आणि क्लबाची बैठक दर महिन्याला आमच्याच घरी असते. कुंड्या अंगणात आल्या. जीप गल्लीत उभी असते. रविवारचा चहा हे करतात.