राहीबाईंचा हात आणि पत्र्याची कोठी

जामखेडच्या अंगाला राहीबाईंच्या हाताचं मोठं नाव होतं. त्यांनी भरलेल्या कणगीत किडा पडत नाही, अशी गावाची खात्री. बाई मात्र फटकळ. ज्वारीचा दाणा दाताखाली कटकन फुटला नाही, तर घरधनिणीला चार शब्द सुनावून पुन्हा वाळवायला लावायच्या. मग भर दुपारी, दाणे हाताला चटकत असतानाच, शेणानं लिंपलेल्या, बांबूच्या विणीच्या कणगीत ओतायचे, मधे कडुनिंबाचा पाला, वर राख. चाळीस वर्षं हेच.

चौऱ्याण्णव साली मुलानं, कानिफनाथनं, पत्र्याची कोठी आणली. "आई, उंदराचं नावच नगं आता. झाकण कसं घट्ट बसतंय बघ!"

राहीबाईंनी नाक मुरडलं, पण फाल्गुनात वर्षाची चांगली ज्वारी कोठीतच भरली, नेहमीसारखी ऊन-ऊन. उरलेली बारकी, डागी ज्वारी म्हशीसाठी जुन्या कणगीत गेली.

वैशाखात झाकण काढलं आणि कुबट वास नाकात शिरला. झाकणाला आतून पाण्याचे डाग, वरचे दाणे गुठळ्या होऊन हिरवे पडलेले. बाईंनी कोपरापर्यंत हात घातला. आतही ओल.

"कुनी पानी वतलं का रं ह्यात?"

"कोन वतील, आई?"

पावसाला अजून महिना होता, छपराला भोक नव्हतं. मग बंद डब्यात पाणी आलं कुठून? त्यांनी घाईघाईनं कणगी उघडली. म्हशीची ज्वारी खडखडीत! तेच ऊन, तोच पाला, तोच हात. बाईंचं डोकं चालेना. त्या दिवसापासून माणसं म्हशीच्या ज्वारीची भाकरी खाऊ लागली, म्हशीला नुसता कडबा. धार काढताना राहीबाईंना तिच्याकडे बघायचीही लाज वाटे.

अशात शेजारची भागूबाई बोलवायला आली. तिनंही कोठी घेतली होती, ज्वारी अंगणात तापत होती. पाय निघत नसतानाही राहीबाई गेल्या. भागूबाईनं आधी जेवायला बसवलं आणि भाकरीचा डबा उघडला. गरम भाकरी झाकलेली, झाकणातून टपटप पाणी गळालं. राहीबाईंचा हात तिथंच थांबला. कोठीच्या झाकणालाही आतून असेच डाग होते; कणगीतून वाफ निघून जायची, पत्र्यातून कुठून जाणार?

"भागू, आज भरायचं न्हाई. दानं सावलीत गार हुऊ दे."

"आन् इतकी वर्सं तुमीच तर ऊन-ऊन भरत आला!"

"व्हय."

"मग आता गार भरलं की टिकंल ना?"

राहीबाईंना रडू फुटलं. गावाला कधीही न सांगितलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"मला न्हाई ठावं गं."