डोळे मिटा आणि बाक बघा

पाच-सहा माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती डबे उघडून बसली की किस्से आपोआप साचतात. कुणी जमवायला जात नाही. एकानं एक सांगितला की दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा तो सांगा की!" आणि तेवढ्यात घंटा होते. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, आमच्या मराठी शाळेत मी गणित शिकवतो, त्यामुळे मला मोजायची सवय. पण स्टाफरूममधले किस्से मोजायचं मीही सोडून दिलंय. आज फक्त एका बोर्डाचे सांगतो.

हा बोर्ड हेडसरांचा. कलबुर्गीला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. तिथून माणूस एरवी एक फाईल, एक पेन आणि बिघडलेलं पोट घेऊन येतो. आमचे हेडसर 'व्हिजन बोर्ड' घेऊन आले! म्हणजे कल्पना तिकडची, बोर्ड आमचाच, परिपत्रकं लावायचा. सगळी परिपत्रकं उतरवून सर म्हणाले, "प्रत्येकानं आपलं एक ध्येय ठरवायचं आन् त्याचं चित्र हितं लावायचं. रोज प्रार्थनेनंतर पाच मिनटं डोळे मिटून ते मिळालंय असं बघायचं. बारीकसारीक सगळं दिसलं पाह्यजे!"

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. दोन मिनिटांत पी.टी.चे बिरादार सर घोरायला लागले. हेडसरांनी त्यांना हलवलं. "बिरादार, काय बघायलाव?"

बिरादार सर शांतपणे म्हणाले, "रिटायर झालेलं बघायलो होतो सर. अगदी बारीकसारीक!"

*

माझं ध्येय पोट. डॉक्टरांनी शुगर काठावर असल्याचं सांगितलं होतं. कलबुर्गीच्या कुठल्याशा जिमचं पत्रक हाती आलं, त्यातला सपाट पोटाचा, कमरेवर हात ठेवून हसणारा माणूस मी कापून बोर्डावर लावला.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. स्कूटर, घंटा, डस्टर, कॉम्प्युटर, काही सुटत नाही. आमचे शिपाई हणमंतु भाविक माणूस. त्यांनी बोर्डालाही विभूती लावली, कुंकू लावलं. झेंडूची एक छोटी माळ उरली होती. ती कुठंच बसेना, म्हणून माझ्या माणसाभोवती टाचणीनं अडकवली. वर कपाळाला कुंकू! मग दसऱ्याची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी एक पालक टी.सी. न्यायला आले. बोर्डाकडं नजर गेली आणि थबकले. डोक्यावरचा टॉवेल काढला, हात जोडले, एक मिनिट उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, "लय तरणे होते हो. कधी गेले?"

इंग्रजीच्या ज्योती मॅडमनी तोंडात पदर कोंबला. मी म्हणालो, "गेले न्हाईत. मी तसा व्हायचोय. अजून यायचेत ते!"

त्यांनी फोटो बघितला, माझं पोट बघितलं आणि टॉवेल परत डोक्याला बांधत म्हणाले, "मग येळ लागंल."

त्याच संध्याकाळी मी चालायला लागलो. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, सगळ्या पँटी टेलरकडं आत घ्यायला टाकाव्या लागल्या! श्रेय बोर्डाचं की त्या पालकांचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

*

ज्योती मॅडमनी समुद्र लावला होता. पस्तिशी उलटली तरी बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर अफजलपूर, सासर आळंद, मधे समुद्र यायचं काही कारणच नव्हतं.

मी एकदा विचारलं, "न बघितलेला समुद्र डोळ्यांपुढं आणता तरी कसा?"

"सोपं हाय की सर! भीमेला पाणी आल्यावर पुलावर उभं राह्यचं आन् पलीकडचा काठ काढून टाकायचा."

असा रोज पलीकडचा काठ काढता काढता बाईंनी घरच्यांचा पिच्छा पुरवला आणि दसऱ्याच्या सुट्टीत नवऱ्याला, सासूला घेऊन थेट कारवार गाठलं. तिथून हेडसरांना फोन केला. मागं लाटांचा आवाज, सासूबाईंचा आरडाओरडा. हेडसरांनी आनंदानं विचारलं, "कसा हाय मॅडम?"

"छान हाय सर. पण माझा ह्याच्यापेक्षा मोठा होता!"

*

हेडसरांनी स्वतः काय लावलं होतं? संडास! मुलींसाठी, पाण्याच्या टाकीसकट, आतून कडी असलेला. आम्ही खूप चेष्टा केली. बिरादार सर म्हणाले, "सर, लोकं बंगला लावतेत, कार लावतेत. तुम्ही डोळे मिटून रोज हे बघायलाव?" हेडसर म्हणाले, "व्हय. कडी लावताना आवाज बी ऐकू येतोय मला." आमच्या शाळेतल्या मोठ्या मुली महिन्यातून चार दिवस घरी बसायच्या, आणि त्याचं कारण वर्षानुवर्षं 'आजारी' असंच लिहिलं जायचं. ते हेडसरांना डाचत होतं.

तपासणीला एक साहेब आले. चहा घेता घेता बोर्डापाशी उभे राहिले. समुद्र बघितला, माझा सपाट पोटाचा माणूस बघितला, मग त्यांचा चष्मा एका जागी थांबला. "हे कुणाचं?"

हेडसर लाल झाले. "माझं, सर."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग खुर्चीत बसले. "सव्वीस वर्षं नोकरी झाली. संडासाचं स्वप्न बघणारा हेडमास्तर पहिल्यांदा बघायलोय. आणा अर्ज!"

अर्जाच्या अकरा प्रती हेडसरांच्या खिशातच होत्या. फेब्रुवारीत बांधकाम पुरं झालं. पहिल्या दिवशी कडीचा आवाज ऐकायला आम्ही सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा, आणि मुली लाजून आतच जाईनात! शेवटी ज्योती मॅडमनी आम्हाला हाकललं.

*

आता महादेवीअक्का. शाळेतलं दुपारचं जेवण त्या रांधतात. वय चाळीसच्या पुढं, मुलगी कलबुर्गीला बी.एस्सी. करते. बोर्ड लागला त्याच आठवड्यात अक्का चहा घेऊन आल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या, "सर, माझं बी एक चिकटवू का?"

"काय चिकटवणार?"

"धावी पास." दहावीला त्या धावी म्हणायच्या.

मी पटकन बोलून गेलो, "अक्का, आधी वरणात मीठ बघा, मग धावीचं बघू!"

सगळे हसले. अक्काही हसल्या, कप उचलले आणि गेल्या. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या एक कात्रण घेऊन आल्याच. फर्निचरच्या जाहिरातीतला लाकडी बाक. रिकामा. हेडसरांनी स्वतः टाचण्या दिल्या आणि मधली जागा दिली.

बिरादार सरांनी विचारलं, "अक्का, माणूस कुठाय ह्याच्यात?"

"माणूस मी हाय की! पेपराला हितं बसायचंय."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधी दहावीला बसल्या होत्या. गणिताचा पेपर समोर आला आणि हातच चालेना. कोरा दिला. त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. "तेचं काय न्हाई सर. पण परवा लेकीच्या कॉलेजचा फॉर्म भरायलतो. आईचं शिक्षण म्हणून रकाना होता. लेकीनं 'धावी' ल्ह्यालं आन् थांबली. पास ल्ह्यू का नापास, असं इचारलं न्हाई तिनं. नुसती थांबली."

त्या दिवसापासून अक्कांना गणित मी शिकवायचं, असं मीच जाहीर केलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

*

डोळे मिटून बघायचं हेडसरांनी सांगितलं खरं, पण ते अक्कांइतकं मनावर कुणीच घेतलं नाही. त्यांचे प्रश्न संपेनात. परीक्षेच्या हॉलमध्ये फॅन कुठं असतो? पाणी जागेवर मिळतं का? पुरवणी मागायला हात वर करायचा का उभं राह्यचं? बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या तरी तेच! एकदा भाताच्या पातेल्यापाशी डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि भात खाली लागला. पोरांनी मुकाट्यानं खाल्ला. का लागला ते सगळ्यांना माहीत होतं.

एके दिवशी मला म्हणाल्या, "सर, आज हॉल अगदी नीट दिसला. पर बाकापाशी एकजण तोंड वाकडं करून उभे होते. निरखून बघितलं तर तुम्हीच!"

मी ओशाळलो. "मग काय केलंव?"

"काय करणार? म्हनलं, सर, जरा बाजूला व्हा. उजेड अडवायलाव!"

*

दिवाळीनंतर स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं समीकरणं दिसायला लागली. मी शिकवलेलं अक्कांच्या डोक्यात दुपारपर्यंत टिकायचं नाही, म्हणून त्यांनी आपली युक्ती काढली. वाढायच्या वेळी रांगेतल्या दहावीच्या पोरांना त्या एकेक गणित विचारायच्या. जो नीट समजावून सांगेल त्याला वरणाच्या तळातला घट्ट भाग!

माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरं ताट हातात घेऊन पायथागोरसचं प्रमेय सिद्धतेसकट म्हणायला लागली. एक जण तर मला येऊन म्हणाला, "सर, उद्याचं आजच शिकवा की. उद्या आमटी हाय, तळाचं घट्ट मलाच पाह्यजे!"

*

एप्रिलमध्ये परीक्षा. सेंटर आळंदला. पहिल्या दिवशी अक्का नवी इलकल साडी नेसून, केसात अबोली घालून, हातात पॅड घेऊन हॉलमध्ये शिरल्या आणि सगळा वर्ग उभा राहिला. "नमस्ते मॅडम!"

अक्का गडबडल्या नाहीत. "बसा, बसा," म्हणाल्या आणि आपला नंबर शोधून तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. नंतर खरे सुपरवायझर आले, तेव्हा त्यांच्यासाठी मात्र कुणी उठलंच नाही!

गणिताच्या पेपराला मात्र तेच झालं. पेपर हातात आला आणि बोटं लाकडासारखी झाली. अक्का नंतर सांगत होत्या, "सर, फॅन होता, पाणी होतं, सगळं मी बघितल्यावानीच होतं. पर हात काय चालंना!" मग त्यांनी डोळे मिटले. इतके महिने स्वयंपाकघरात उभं राहून त्या हॉल बघत होत्या. आता हॉलमध्ये बसून स्वयंपाकघर बघितलं. भिंत दिसली, रांग दिसली. "पोरं ताट घेऊन एकेक म्हणायलती आन् मी ल्ह्यायलते."

सुपरवायझर घाबरून जवळ आले. "बाई, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय सर. जरा थांबा, अजून चार पोरं राह्यलेत!"

पेपर सुटल्याची घंटा झाली तेव्हा अक्का शेवटच्या गणितात होत्या. घंटा कानावर पडली आणि सवयीनं मोठ्यानं ओरडल्या, "हात धुवा रे, हात धुवा!" आमच्या शाळेची पाच पोरं त्या हॉलमध्ये होती. ती खरंच उठली आणि नळाकडं पळाली.

*

निकाल लागला तो दिवस भर उन्हाळ्याचा, लग्नाच्या तिथीचा. अकराच्या सुमारास हेडसरांनी मोबाइलवर अक्कांचा नंबर टाकला. चाक फिरत राहिलं. मी दुसरीकडं बघत बसलो होतो. मग हेडसरांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

अक्कांना फोन लावला, उचलेनात. त्या दिवशी खजुरीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हेडसर म्हणाले, "चला!" रणरणत्या उन्हात आम्ही दोघे एका मोटरसायकलवर निघालो. हेडसर मागं बसून सारखं म्हणत होते, "जरा पळवा की हो!"

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पंगती चालू होत्या आणि मांडवात आहेर पुकारणं चाललं होतं. आमच्याकडं प्रत्येक आहेर माईकवर पुकारतात. कुणाकडून, कुणाला, काय. एक जण पुकारतो, शेजारचा वहीत लिहून घेतो. "आळंदच्या मामाकडनं नवरदेवाला टॉवेल-टोपी! निंबर्ग्याच्या आत्याकडनं नवरीला पैठणी!" पलीकडं पंगतीत अक्का बुंदी वाढत होत्या. लेक पाण्याचा जग घेऊन त्यांच्या मागं होती.

आमचे हेडसर आयुष्यात कधी वरच्या आवाजात बोललेले नाहीत. ते सरळ स्टेजवर चढले आणि पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"महादेवीअक्का! पास! सगळ्या विषयांत पास! गणितात एकावन्न!"

लेकीच्या हातातला जग खाली पडला, तिनं आईला मिठी मारली आणि मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. वाजंत्रीवाल्यांना कुणी सांगितलं देव जाणे, त्यांनी जेवता जेवता उठून वाजवायला सुरुवात केली. पंगतीतली माणसं उष्ट्या हातांनी उभी राहिली. बायका अक्कांच्या गालावरून हात फिरवायला लागल्या. मी एका खांबाला धरून रडत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

वही धरलेला माणूस मात्र पेन उघडं ठेवून तसाच बसला होता. वाजंत्री थांबल्यावर तो हेडसरांना म्हणाला, "गुरुजी, हितं आहेर चाललाय. मधेच पुकारलंव तर ल्ह्यावं लागतंय. कुणाकडनं आन् कुणाला, तेवढं सांगा."

हेडसर गोंधळले. माझ्याकडं बघायला लागले. तोवर अक्का गर्दीतून वाट काढत स्टेजवर आल्या. बुंदीचे हात पदराला पुसले आणि माईक घेतला.

"ल्ह्या," त्या म्हणाल्या. "महादेवीकडनं, महादेवीला."